जुनी विज्ञानकथा कशी वाचावी: एका फिटर मास्तरची पद्धत

जुनी विज्ञानकथा हातात घेतली की बहुतेक जण एकच खेळ खेळतात. फ्रान्सच्या ज्यूल व्हर्ननं पाणबुडी आधीच सांगितली होती, इंग्लंडच्या एच. जी. वेल्सनं रणगाडा आधीच सांगितला होता. बरोबर आलेल्या गोष्टीपुढं टिकमार्क, चुकलेल्याकडं काणाडोळा, आणि शेवटी ‘काय डोकं होतं बघा’ म्हणून पुस्तक बंद. हा खेळ आधी सोडा. त्यात लेखकाचा ज्योतिषी होतो. शिवाय खेळ खोटाही ठरतो. रॉबर्ट फुल्टन नावाच्या अमेरिकन माणसानं १८०० साली फ्रान्समध्ये पाणबुडी पाण्यात उतरवली होती, आणि तिचं नाव ‘नॉटिलस’च होतं. व्हर्नच्या कादंबरीतली नॉटिलस आली त्यानंतर जवळजवळ सत्तर वर्षांनी.

मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेडला शिल्पनिदेशक होतो. आता निवृत्त आहे, इचलकरंजीत राहतो, आणि महिन्यातून एकदा आम्ही काही लोक वाचनालयात बसून या जुन्या कथा वाचतो. आमच्यात यंत्रमागावर रात्रपाळी करणारा एक जण आहे, दोन शिक्षिका आहेत, औषधाच्या दुकानाचे मालक आहेत, आणि परीक्षा नसली की येणारी इंजिनिअरिंगची पोरं आहेत. कुणीही साहित्याचा पदवीधर नाही. मग वाचायचं कसं? मी वर्कशॉपमधलीच पद्धत काढली.

नव्या पोराला लेथपुढं उभं केलं की मी तीन प्रश्न विचारायचो. हे मशीन बंद कुठून होतं? सुरू कसं करायचं ते मागाहून. बिघडलं तर कुणाला हाक मारणार? आणि हात सापडला तर तो कुणाचा असणार, मालकाचा की तुझा? विज्ञानकथेत यंत्र कसं चालतं हे लेखक पानंच्या पानं सांगतो. आपण बंद कुठून होतं ते शोधायचं. शंभर-दोनशे वर्षांपूर्वीच्या या कथा आजही वाचाव्याशा वाटतात त्या या तीन प्रश्नांमुळं, असं माझं मत आहे. यंत्रं जुनी झाली, प्रश्न तसेच राहिले.

आधी तयारी

पेन्सिल आणि वही. पुस्तकं विकत घ्यायची घाई नको. मेरी शेली, व्हर्न, वेल्स यांचं लेखन हक्कमुक्त आहे आणि प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर फुकट मिळतं. डोळे दुखत असतील तर लिब्रिव्हॉक्सवर ऐकायलाही मिळतं. मात्र दोन ठिकाणी सांभाळा.

पहिलं व्हर्नचं इंग्रजी. हा माणूस फ्रेंचमध्ये लिहायचा, आणि त्याच्या ‘ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी’ या समुद्राखालच्या कादंबरीचं मर्सिए यांनी १८७०च्या दशकात केलेलं इंग्रजी भाषांतर अजून सगळीकडं फिरतं. त्यात मूळ मजकुराचा जवळजवळ चौथा हिस्सा गाळलेला आहे आणि आकडे, मापं चुकलेली आहेत. ‘व्हर्नला विज्ञान येत नव्हतं’ असं इंग्रजी वाचणाऱ्यांना कित्येक वर्षं वाटलं, त्यातला बराचसा दोष या भाषांतराचा. गुटेनबर्गवरच एफ. पी. वॉल्टर यांचं पूर्ण भाषांतर आहे, ते घ्या. मराठीत वाचायचं तर भा. रा. भागवतांनी मुलांसाठी केलेले व्हर्न आहेत. ते संक्षिप्त आहेत, पण भाषा अशी की मोठ्यांनीही बिनदिक्कत वाचावेत.

दुसरं मेरी शेलीचं ‘फ्रँकेन्स्टाइन’. त्याच्या दोन आवृत्त्या आहेत, १८१८ची आणि लेखिकेनं स्वतः बदललेली १८३१ची. गटात वाचणार असाल तर सगळ्यांनी एकच घ्या. नाहीतर एक जण म्हणतो एलिझाबेथ ही नायकाची आतेबहीण, दुसरा म्हणतो ती पाळलेली अनाथ मुलगी, आणि दोघंही बरोबर असतात. मी १८१८ची घ्यायला सांगतो. मागाहूनच्या आवृत्तीत नशिबाच्या माथी बरंच काही मारलंय.

सालवारीनं जाऊ नका

सालवारीनं गेलात तर ‘फ्रँकेन्स्टाइन’ पहिलं येतं, आणि त्याची सुरुवात उत्तर ध्रुवाकडं निघालेल्या एका माणसानं बहिणीला लिहिलेल्या पत्रांनी होते. व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन या नायकानं घडवलेला प्राणी लांबून दिसतो तोच मुळी चौथ्या पत्रात. तोवर निम्मी मंडळी गळतात. लहान कथेनं सुरू करा.

मी बेगम रोकेया सखावत हुसेन यांची ‘सुलतानाज ड्रीम’ पहिली देतो. मद्रासच्या ‘इंडियन लेडीज मॅगझिन’मध्ये १९०५ साली छापून आलेली ही इंग्रजी कथा एका बैठकीत वाचून होते. रोकेया बंगालच्या, रंगपूरकडच्या. नवरा भागलपूरला डेप्युटी मॅजिस्ट्रेट. तो दौऱ्यावर असताना त्यांनी ही कथा लिहिली. परत आल्यावर त्यानं ती उभ्या उभ्याच वाचून काढली आणि ‘भयंकर सूड घेतलास’ अशा अर्थाचं काहीतरी म्हणाला, असं रोकेयांनीच सांगितलंय.

सूड कसला? कथेतल्या देशात पुरुष मर्दान्यात, म्हणजे पुरुषांच्या जनान्यात, बंद आहेत आणि राज्य बायकांचं आहे. बायकांच्या दोन विद्यापीठांपैकी एकानं ढगांतून परस्पर पाणी ओढून घ्यायची युक्ती काढली, दुसऱ्यानं सूर्याची उष्णता साठवायची. पुरुष तेव्हा फौजफाटा वाढवण्यात गुंतले होते आणि या संशोधनाला भाबडं खूळ म्हणत होते. शेजारच्या राजानं चढाई केली, फौज हरली. तेव्हा साठवलेलं ऊन शत्रूवर सोडून बायकांनी देश वाचवला. त्याआधी एक अट घातली होती: पुरुषांनी अंतःपुरात जायचं. ते दमले होते, गेले. पुन्हा बाहेर आलेच नाहीत.

इथं पेन्सिलीनं दोन जागांवर खूण करा. पहिली, स्वयंपाकघर. पाहुणीला दाखवायला नेतात तर तिथं धूर नाही, कोळसा नाही, धुराडं नाही. रांधणं सगळं उन्हावर. व्हर्न आणि वेल्स चंद्रावर जाऊन आले, पण चुलीपाशी काही थांबले नाहीत. दुसरी जागा, कामाचे तास. या देशात दिवसाला दोन तास कामात सगळं उरकतं, आणि ते कसं याचा हिशेब दिलाय: पुरुष दिवसाला बारा चिरूट ओढायचा, एका चिरुटाला अर्धा तास, म्हणजे सहा तास धुरात गेले. आमच्या गटातल्या शिक्षिकाबाईंनी हे वाचून ‘आता चिरूट काढा आणि मोबाइल घाला’ असं म्हटलं, आणि मग त्या बैठकीत कथेवर फारसं बोलणंच झालं नाही.

तीन प्रश्न लावून बघा. बंद करायचं बटण राणीच्या आणि विद्यापीठाच्या हातात आहे. ते चांगल्या हातात आहे म्हणून आपण खूश होतो. पण मर्दान्यातल्या पुरुषाला कुणी विचारलंय का? कुलूप तेच आहे, फक्त आत-बाहेरची माणसं बदलली आहेत. रोकेयांना हे कळत नव्हतं असं समजू नका. ज्या वाचकाला बायकांचा पडदा स्वाभाविक वाटत होता त्याला पुरुषांचा पडदा विचित्र वाटावा, हाच तर डाव आहे. पुढं त्यांनी मुलींची शाळा काढली, १९११ पासून ती कलकत्त्यात भरू लागली. कथेतलं विद्यापीठ हवेतलं नव्हतं.

फॉर्स्टर: थांबलेलं यंत्र

दुसऱ्या बैठकीला ई. एम. फॉर्स्टर यांची ‘द मशीन स्टॉप्स’. नोव्हेंबर १९०९ची दीर्घकथा. विज्ञानाशी या माणसाचा फारसा संबंध नव्हता, आणि तरी या यादीत मला सगळ्यात जास्त घाबरवणारी कथा हीच आहे.

माणसं जमिनीखाली एकेका षट्कोनी खोलीत राहतात. जेवण, संगीत, गार पाण्याची आंघोळ, प्रत्येकाला बटण. वश्ती नावाची बाई हजारो लोकांना ओळखते पण कुणाला भेटत नाही. हातातल्या गोल तबकडीवर माणूस दिसतो, त्याच्याशी बोलायचं. ती आपल्या खोलीतून दहा मिनिटांचं व्याख्यान देते, श्रोते आपापल्या खोलीतून ऐकतात. तिचा मुलगा कुनो पृथ्वीच्या पार दुसऱ्या बाजूला. तो म्हणतो, प्रत्यक्ष ये, या तबकडीत मला तुझ्यासारखं काहीतरी दिसतं, तू दिसत नाहीस. ती नाइलाजानं हवाईजहाजात बसते. वाटेत हिमालय लागतो. ती खिडकीचा पडदा ओढून घेते, कारण त्यात तिला काही विचार करण्यासारखं सापडत नाही!

इथं सगळे ‘अरे, हे तर लॉकडाऊन, हा तर व्हिडिओ कॉल’ म्हणून नाचायला लागतात. नाचू द्या पाच मिनिटं. मग त्यांना शेवटच्या भागाकडं आणा. वाचायचं ते तिथं आहे.

यंत्र एकदम थांबत नाही. आधी संगीतात मध्येच धाप लागल्यासारखे आवाज यायला लागतात. वश्ती तक्रार करते. दुरुस्तीची एक समिती आहे, ती म्हणते बघू. काही दिवसांनी लोकांना त्या आवाजाची सवय होते, तो संगीताचाच भाग वाटायला लागतो. मग आंघोळीच्या पाण्याला वास येतो. सवय. मग कविता रचणाऱ्या यंत्राची यमकं बिघडतात. सवय. शेवटी कळतं की बिघाड दुरुस्त करणारी यंत्रणाच बिघडली आहे. आणि सगळं यंत्र समजणारा एकही माणूस उरलेला नाही, प्रत्येकाला आपापला तुकडा तेवढा ठाऊक.

चाळीसेक वर्षं मशीनपाशी काढलेल्या माणसाला विचारा, मोठा बिघाड असाच येतो. पहिल्या दिवशी बेअरिंगचा आवाज येतो, आठवड्यानं तो कुणाला ऐकू येत नाही. फॉर्स्टरला हे कुठून कळलं असेल याचं मला अजून कोडं आहे.

या कथेत आणखी एक जागा आहे, ती हल्ली आम्ही मोठ्यानं वाचतो. एक प्रतिष्ठित व्याख्याता लोकांना बजावतो की थेट स्वतःच्या डोळ्यांनी बघून बनलेल्या कल्पनांपासून सावध राहा. कल्पना दुसऱ्याकडून आलेली असावी, जमल्यास दहाव्याकडून, म्हणजे तिच्यातला प्रत्यक्ष पाहण्याचा दोष गळून जातो. श्रोत्यांना हे फार पटतं. इंजिनिअरिंगच्या एका पोरानं यावर विचारलं, ‘सर, मी असाइनमेंट चॅटबॉटकडून लिहून घेतो ती कितव्या हाताची?’ मी म्हटलं, तू मोज.

वेल्स वाचताना अंदाजांना नंबर द्या

‘द टाइम मशीन’, १८९५. गोष्ट बहुतेकांना माहीत असते: एक शास्त्रज्ञ ८,०२,७०१ या सालात जातो. वर बागेत नाजूक, गोंडस इलॉय. खाली अंधारात मॉरलॉक. कथानक माहीत असलं तरी चालेल, इथं काम वेगळं आहे. हा प्रवासी त्या जगाचा अर्थ लावतो आणि पुन्हा पुन्हा बदलतो. प्रत्येक वेळी समासात अ१, अ२, अ३ असं लिहीत जा. आधी त्याला वाटतं की सगळे सुखी झाले, समता आली, कष्ट संपले म्हणून माणूस दुबळा झाला. मग विहिरीसारखी भोकं दिसतात, खालून यंत्रांची धडधड येते, आणि तो म्हणतो की हे मालक आणि मजूर; मजूर पिढ्यान्‌पिढ्या जमिनीखाली ढकलले गेले आणि तिथलेच झाले. त्याच्या काळच्या लंडनची साक्ष काढतो: भुयारी रेल्वे, तळघरातले कारखाने, पूर्व भागातला कामगार ज्याला मोकळं आभाळच बघायला मिळत नाही. आणि मग तिसरा अंदाज, की खालचे वरच्यांना गुरांसारखं पोसतात आणि खातात. इतके अंदाज बदलणारा निवेदक मला प्रामाणिक वाटतो. एकाच अंदाजाला चिकटलेला समाजशास्त्रज्ञ मी टीव्हीवर रोज बघतो.

वेल्सनं हे कुठून आणलं तेही सांगून टाकतो. त्याची आई ससेक्समधल्या अपपार्क नावाच्या हवेलीत घरकाम बघणारी मुख्य बाई होती. त्या हवेलीत नोकरांची ये-जा जमिनीखालच्या बोगद्यांतून चालायची, म्हणजे वरच्या साहेबांना हिरवळीवर नोकर दिसायला नकोत. वेल्स तिथं राहिला होता. मॉरलॉक शोधायला त्याला आठ लाख वर्षं पुढं जावं लागलं नाही.

आमच्या रात्रपाळीवाल्या गड्यानं या कादंबरीवर जो प्रश्न विचारला तो मी कुठल्या समीक्षेत वाचलेला नाही. ‘इलॉय काहीच काम करत नाहीत, मग त्यांच्या अंगावरचं कापड कुणी विणलं?’ पुस्तक उघडा, उत्तर आहे. मॉरलॉक विणतात. मालकी गेली, कारण विसरलं, तरी जुन्या सवयीनं खालचे वरच्यांना कपडे पुरवत राहिलेत. इचलकरंजीत बसून ही ओळ वाचायची म्हणजे जरा वेळ गप्प बसावं लागतं.

‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ (१८९८) बद्दल थोडक्यात. मंगळावरून इंग्लंडवर चढाई करणाऱ्यांच्या किरणांकडं आणि तीन पायांच्या यंत्रांकडं फार बघू नका, पहिलं प्रकरण दोनदा वाचा. तिथं वेल्स इंग्रज वाचकाला सरळ सांगतो की मंगळवाल्यांना क्रूर म्हणण्याआधी आपण टास्मानिया बेटावरच्या मूळ रहिवाशांचा कसा निःपात केला ते आठवा. साम्राज्य ऐन भरात असताना हे छापलं गेलं. बाकीची कादंबरी म्हणजे त्या वाक्याचा हिशेब, फक्त या वेळी वस्ती इंग्रजांची.

मग फ्रँकेन्स्टाइन, सावकाश

आता मंडळी तयार झालेली असतात. या पुस्तकाला दोन बैठका द्या.

आधी सिनेमा डोक्यातून काढा. मानेतले बोल्ट नाहीत, कुबडा मदतनीस नाही, वादळात छतावर चढवलेलं टेबल नाही. प्राणी जिवंत कसा झाला याला मेरी शेलीनं जेमतेम एक परिच्छेद दिलाय, आणि त्यात यंत्राचा तपशील जवळजवळ नाहीच. तेव्हा बेडकाच्या पायाला वीज लावून तो उडवणारा गॅल्व्हानी लोकांना माहीत होता. त्याचा भाचा अल्दिनी यानं १८०३ मध्ये लंडनला फाशी दिलेल्या एका माणसाच्या प्रेतावर वीज सोडून दाखवली होती, आणि प्रेताचा जबडा हलला, डोळा उघडला. म्हणजे तपशील हवा असता तर मिळाला असता. बाईंनी तो टाळला. त्यांचं लक्ष पुढच्या पानावर होतं.

पुढच्या पानावर काय? प्राण्यानं डोळे उघडले आणि व्हिक्टर पळाला. शेजारच्या खोलीत जाऊन झोपला. प्राणी पडदा सारून बघायला आला, हात पुढं केला, तर हा घरातूनच बाहेर. बस्स. सगळी कादंबरी या पळण्यातून निघते. ‘माणसानं देवाची बरोबरी केली म्हणून शिक्षा झाली’ असं जे पाठ करून ठेवलंय, ते गटात कुणी बोललं की त्याला हे पान काढून द्या. बनवलं हा गुन्हा की बनवून सोडून दिलं हा, हे त्यानं ठरवावं.

मेरी तेव्हा अठरा वर्षांची होती. १८१६चा उन्हाळा, जिनिव्हाच्या सरोवराकाठी. बाहेर सतत पाऊस आणि गारठा, कारण आदल्या वर्षी एप्रिलमध्ये इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटून त्याची धूळ आभाळात पसरली होती. कवी बायरननं भुताची गोष्ट लिहायची पैज लावली, हे सगळे सांगतात. फारसं कुणी सांगत नाही ते हे: १८१५ मध्ये तिचं पहिलं मूल काही दिवसांतच गेलं होतं. त्यानंतर तिनं रोजनिशीत लिहिलंय की स्वप्नात बाळ परत आलं, ते फक्त गारठलं होतं, शेकोटीपाशी चोळल्यावर जिवंत झालं. हे वाचून मग प्राण्यात जीव येण्याचं पान वाचा. पुस्तक १ जानेवारी १८१८ला निघालं, ५०० प्रती, लेखिकेचं नाव न छापता. पुष्कळांना ते नवऱ्याचंच वाटलं.

दुसऱ्या बैठकीत प्राण्याची स्वतःची हकीगत वाचा, ती पुस्तकाच्या मधोमध आहे. एका झोपडीच्या भिंतीतल्या फटीतून तो एका कुटुंबाला बघत भाषा शिकतो. परदेशी मुलीला शिकवणी चालू असते, ती हा भिंतीपलीकडून चोरून घेतो. रानात सापडलेल्या पेटीतून मिल्टन, प्लुटार्क आणि ग्योथं वाचतो. सिनेमातला हुंकार देणारा राक्षस इथं व्हिक्टरपेक्षा सरस युक्तिवाद करतो. एवढी शिकवण कुठून आली, तर माणसांनी आपापल्या कामासाठी मोठ्यानं बोललेल्या आणि लिहून टाकलेल्या गोष्टींतून. आज यंत्रांना भाषा कशी शिकवतात हे ठाऊक असलेल्या पोरांना इथं मी काही सांगायला जात नाही, ती आपणच एकमेकांकडं बघतात.

आणि जस्टिनचा खटला चुकवू नका. प्राण्यानं व्हिक्टरच्या धाकट्या भावाचा खून केला, आळ आला घरातल्या जस्टिन या गरीब मुलीवर. व्हिक्टरला खरं माहीत आहे. तो बोलत नाही, कारण लोक वेडा म्हणतील. तिला फाशी होते. तिसरा प्रश्न आठवा, हात कुणाचा सापडला? ज्याला दोष माहीत आहे तोच गप्प, आणि भोगतो तो ज्याचा यंत्राशी काही संबंध नाही. कारखान्यातल्या चौकशांचे कागद मी आयुष्यभर बघितलेत. जस्टिन त्यांत बरेचदा भेटते.

व्हर्नला वही लागते

व्हर्न वाचायचा तो आकडेमोड करत. ‘पृथ्वीवरून चंद्रावर’ (१८६५) मध्ये बाल्टिमोरचा गन क्लब ९०० फूट लांबीची तोफ फ्लोरिडात जमिनीत उभी ओततो आणि तीन माणसांना गोळ्यात बसवून चंद्राकडं उडवतो. वेग सेकंदाला १२,००० यार्ड. आता पोरांना गणित घाला. वेग झाला जवळजवळ ११ किलोमीटर सेकंदाला, पृथ्वीच्या ओढीतून सुटायला लागतो तेवढाच. व्हर्ननं हिशेब नीट केला होता. तोफेची लांबी सुमारे २७४ मीटर. वेगाचा वर्ग भागिले दुप्पट लांबी केलं की प्रवेग येतो गुरुत्वाच्या २२,००० पटींहून जास्त. म्हणजे साठ किलोच्या माणसाचं वजन त्या क्षणी तेराशे टनांच्या वर. व्हर्ननं धक्का झेलायला गोळ्याच्या बुडाशी पाण्याचे थर दिलेत, पण त्यानं काय होणार! रशियात त्सिओल्कोव्हस्कीनं आणि पुढं ओबर्थनं व्हर्न वाचून असंच गणित मांडलं, तोफ बाद केली आणि रॉकेटकडं वळले. चुकीची तोफ एवढी उपयोगी पडली.

मात्र तोफेपेक्षा गन क्लब जास्त वाचनीय आहे. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं म्हणून बेकार झालेले हे तोफवाले. कुणाला हात नाही, कुणाला पाय नाही, आणि उडवायला काही उरलं नाही म्हणून चंद्र. वर्गणी जगभरातून गोळा करतात. मोहिमेचा उपयोग काय, असं कुणी विचारत नाही. आजचे रॉकेटवाले अब्जाधीश बघताना मला हा क्लब आठवतो.

मराठी वाचकानं व्हर्नचं एक वेगळं प्रकरण जरूर तपासावं. १८७५च्या ‘मिस्टिरियस आयलंड’मध्ये नॉटिलसचा कप्तान नेमो मरताना आपली ओळख सांगतो: बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा, टिपू सुलतानाचा पुतण्या-भाचा लागणारा राजपुत्र दक्कार, १८५७ मध्ये इंग्रजांशी लढलेला. सगळ्या जगाला प्रिय झालेला हा नायक सत्तावन्नचा बंडवाला. आणि पाचच वर्षांनी, १८८० मध्ये, त्याच व्हर्ननं ‘वाफेचं घर’ लिहिलं. त्यात इंग्रज मंडळी वाफेवर चालणाऱ्या पोलादी हत्तीला चाकांची घरं जुंपून हिंदुस्थानभर फिरतात. सुरुवात होते औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, १८६७ साली. भिंतीवर इनामाची जाहिरात लागलीय, दोन हजार पौंड, ‘नबाब धोंडूपंत’ याच्या डोक्यासाठी. म्हणजे आपले नानासाहेब पेशवे, आणि तेही नबाब! इथं ते खलपुरुष आहेत. दोन्ही पुस्तकं पाठोपाठ वाचा आणि वहीत एकच नोंद करा: यंत्र कुणाच्या ताब्यात आहे. पाणबुडी बंडवाल्याकडं आहे तेव्हा बंड उदात्त. हत्ती साहेबाकडं आहे तेव्हा तेच बंड रानटी.

एक पुस्तक जे प्रयोगशाळेत पोचलं

वेल्सचं १९१४चं ‘द वर्ल्ड सेट फ्री’ कादंबरी म्हणून कंटाळवाणं आहे. अख्खं वाचू नका. अणुबाँब टाकण्याचं प्रकरण तेवढं वाचा. विमानातला माणूस बाँबची सेल्युलॉइडची खुंटी दातानं तोडतो आणि तो हातानं खाली सोडतो, इतकं ते ओबडधोबड आहे. पण त्याचा वाचक बघा कोण. लिओ झिलार्ड या हंगेरियन पदार्थवैज्ञानिकानं हे पुस्तक १९३२ मध्ये वाचलं. पुढच्या वर्षी सप्टेंबरात लंडनच्या साउदॅम्प्टन रो रस्त्यावर सिग्नलला थांबला असताना त्याला अणूंच्या साखळी अभिक्रियेची, म्हणजे एक अणू फुटून पुढचे फोडत जाण्याची, कल्पना सुचली. त्यानं पेटंट घेतलं आणि ते गुप्त राहावं म्हणून ब्रिटिश आरमाराकडं सोपवलं. या गोष्टीचं टोक काय असू शकतं ते वेल्समुळं माहीत होतं, असं त्यानंच सांगितलंय. १९३९ मध्ये अणुबाँब बनू शकतो हे सांगणारं आइन्स्टाइनच्या सहीचं पत्र अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना गेलं, त्यामागंही झिलार्ड होता. आणि जुलै १९४५ मध्ये बाँब जपानवर असा टाकू नका म्हणून सत्तर वैज्ञानिकांच्या सह्यांचा अर्ज काढणाराही तोच. बंद करायचं बटण शोधत होता. ते तोवर त्याच्या टेबलावरून गेलं होतं.

गटात हे सांगितल्यावर वाद पेटतो. पेटू द्या, मास्तरकी करू नका. फक्त ‘शास्त्रज्ञ वाईट’ आणि ‘पुढारी वाईट’ एवढ्यावर कुणाला सुटू देऊ नका. कुठल्या महिन्यात, कुणी, कुणाला नाही म्हणायला हवं होतं, हे नाव-तारखेसकट मांडायला लावा.

शेवटी नाटक, मोठ्यानं

कारेल चापेकचं ‘आर. यू. आर.’ हे १९२०चं चेक नाटक एकट्यानं मनात वाचलं तर फसतं. पात्रं वाटून घ्या. यातले रोबो लोखंडी नाहीत. पिठासारख्या द्रवातून घडवलेले, माणसासारखे दिसणारे, स्वस्त मजूर आहेत. कारखान्याचे संचालक मनापासून मानतात की काम संपलं की माणूस सुखी होईल. रोबो उठाव करतात आणि सगळी माणसं मारतात, एक सोडून. बांधकाम बघणारा ऑल्क्विस्ट तेवढा वाचतो, कारण तो आमच्यासारखा हातानं काम करतो, असं रोबोच म्हणतात. पण रोबो बनवायची कृती मुख्य संचालकाची बायको हेलेना हिनं जाळून टाकलेली असते आणि ऑल्क्विस्टला ती येत नाही. जिंकलेले रोबो त्याच्यापुढं उभे राहून मागत राहतात, आम्हाला पुढं चालू ठेव.

पात्रं वाटताना संचालकांची कामं पोरांना द्या, त्यांना उत्साही, खात्रीनं बोलायचं असतं आणि ते त्यांना आपसूक जमतं. हेलेना समंजस बाईला द्या, नुसती रडकी करू नका. कागद जाळण्याआधीचे तिचे प्रश्न नाटकातले सगळ्यात शहाणे प्रश्न आहेत. रोबोंचे संवाद सपाट आवाजात वाचायची हौस सगळ्यांना येते, ती मोडून काढा, साध्या आवाजात वाचायला लावा. ऑल्क्विस्ट मात्र हातानं काम केलेल्या माणसालाच द्यायचा, वाचताना तो अडखळला तरी चालेल. आणि चहा शेवटच्या भागाआधी उरकून घ्या, नंतर कपांचा आवाज नको.